पडदा सरकेपर्यंत

“निदान लिंबू तरी पिळायचं हुतं ह्यात,” असं म्हणत आमच्या ह्यांनी ग्लास खाली ठेवला आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं काही ते पाणी मीच घरनं करून आणलं होतं.

“सरबत न्हाई ते. औषध हाय. गुमान प्या.”

“औषध कडू असतंय. गोड औषधावर माझा इस्वास न्हाई.”

मिरजेतल्या एका मोठ्या दवाखान्यात, एमआरआयच्या खोलीबाहेरच्या बाकावर आम्ही दोघं बसलो होतो. मधे एक मोठा जग. त्यातलं गोडसर पाणी थोडं थोडं करून सगळं संपवायचं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं आणि ते काम माझ्यावर सोपवलं होतं. मी ग्लास भरत होते, हे तोंड वाकडं करत होते. जेवणात मीठ जास्त झालं तर ताट सरकवणारा माणूस. पण त्या दिवशी कुरकुर करत का होईना, पीत होता. त्याला कारणही तसंच होतं.

आमचे हे म्हणजे हिंदुराव गुरव. आमच्या गावच्या चौंडेश्वरीच्या देवळात सनई वाजवणारे. पंचक्रोशीत त्यांना सनईवाले हिंदुराव म्हणूनच ओळखत. पहाटे नगारखान्यातून त्यांचा सूर निघाला की गाव उठायचं, आणि तो सूर एकदा निघाला की मधे तुटायचा नाही. बाकीचे वाजवणारे दम घ्यायला थांबतात, तेवढ्यापुरता जोडीदार सूर धरून ठेवतो. ह्यांना जोडीदार लागलाच नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, ह्या माणसाला श्वास लागतो की नाही? नव्या नवरीनं हे असं विचारायचं कुणाला?

अशा माणसाच्या पोटातून वर्षभर रक्त जात होतं. कधी शौचाला डांबरासारखं काळं व्हायचं, कधी आठवडाभर काहीच नाही. चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. बाटल्यांवर बाटल्या रक्त चढवलं. चढवलेलं रक्त कुठं मुरतंय हे काही कळेना. तोंडातून दुर्बीण घातली, सगळं ठीक. खालून दुर्बीण घातली, ठीक. सीटी का काय म्हणतात ते झालं, तेही ठीक. सगळं ठीक असलेला आमचा माणूस नगारखान्याच्या पायऱ्या चढताना मधेच बसायला लागला.

ऑपरेशन करणारे डॉक्टर आरवाडे भले गृहस्थ. ते म्हणाले, “रक्त लहान आतड्यातून जातंय. दोन्ही दुर्बिणी तिथवर पोचत नाहीत. आता पोट उघडून हातानं आतडं चाचपायचं, दुसरा इलाज दिसत नाही.”

“केवढं उघडायचं?” ह्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी आपल्याच सदऱ्यावरून वरून खाली बोट ओढून दाखवलं. बरंच लांब ओढलं.

“मग फुंकता येईल का?”

“काका, आधी जीव. फुंकायचं मग बघू.”

त्यावर ह्यांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि उठले. घरी आल्यावर मात्र म्हणाले, “पोटाच्या जोरावर सनई वाजतीया. ते फाडलं तर जीव राहून करायचा काय?” मी खूप भांडले. जीव राहिला तर मी आहे, घर आहे, नातवंडं आहेत, हे सगळं ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण त्यांच्या डोळ्यांत जे दिसत होतं ते दिसतच राहिलं. मला तर जीवही हवा होता आणि सनईही. अर्धा नवरा घेऊन मी काय करणार होते?

तेवढ्यात ह्या डॉक्टरीणबाई मधे पडल्या. शबनम मुजावर त्यांचं नाव. आमच्या थोरल्या लेकीच्या वयाच्या, इथल्याच, दवाखान्यात नव्यानं लागलेल्या. त्या आरवाडे डॉक्टरांना म्हणाल्या, “सर, उघडायच्या आधी मला एकदा लहान आतड्याचा एमआरआय करू द्या. जागा सापडली तर तुम्हाला छोट्या भोकांतून काम करता येईल.”

“सीटीत काही दिसलं नाही, ह्यात काय दिसणार?”

“सीटीच्या वेळी आतडं रिकामं होतं, सर.” मग त्या माझ्याकडं वळल्या. “मावशी, घडी घातलेल्या लुगड्यावर आतल्या बाजूला डाग असेल तर दिसेल का? उलगडावं लागतं. आतडं पाण्यानं भरलं की तसं उलगडतं.”

“म्हंजी ट्यूबमधी हवा भरल्याशिवाय पंक्चर गावत न्हाई,” हे म्हणाले.

“अगदी बरोबर, काका!”

आरवाडे डॉक्टर हसले. “करा. नाही सापडलं तर सोमवारी उघडायचं.”

तर त्या जगातल्या पाण्याचं कारण असं होतं. सोमवार आमच्या डोक्यावर टांगलेला होता आणि आजचा दिवस हीच काय ती सवड.

जग रिकामा झाल्यावर ह्यांना आत नेलं. कमरेचा चांदीचा करदोडा, बोटातली अंगठी, सगळं काढून माझ्या पिशवीत आलं. हिरव्या अंगरख्यात ते एखाद्या शाळकरी पोरासारखे दिसायला लागले. पोटावर पालथं झोपवलं, पाय आधी आत, म्हणजे डोकं मशीनच्या तोंडाशी राहिलं. पोटाभोवती एक पट्टा बांधला. आतड्यांची हालचाल काही वेळ थांबावी म्हणून एक इंजेक्शन दिलं. मुजावर डॉक्टर त्यांच्या कानाशी वाकून म्हणाल्या, “काका, मी माईकवरून सांगितलं की श्वास रोखायचा. सोडा म्हटलं की सोडायचा. पोट हललं की फोटो बिघडतो. जमेल ना?”

ह्यांनी मान वर करून त्यांच्याकडं बघितलं. सनईवाल्या हिंदुरावाला श्वासाचं कुणी विचारत होतं!

“बाई, तुमी सांगा तर.”

मला काचेच्या अलीकडच्या खोलीत एका खुर्चीवर बसू दिलं. मशीन ठोकायला लागलं. मधल्या थांब्यात ह्यांचा आवाज आला, “ठोका हाय, पण सम कुठं हाय ह्याची?” मुजावर डॉक्टर तोंडावर हात ठेवून हसल्या आणि माईकचं बटण दाबून म्हणाल्या, “काका, श्वास रोखा.”

ठोके झाले. “सोडा.”

पडद्यावर चित्र उमटलं. मला त्यातलं काय कळणार? पण बाईंचं हसू गेलेलं मला कळलं. चित्रात सगळं लडबडलेलं होतं, ओल्या बोटानं पुसल्यासारखं.

“परत घेऊ. काका, श्वास पूर्ण रोखा हं.”

परत तेच. तिसऱ्या खेपेला त्यांनी आधी श्वास सोडून देऊन मग थांबायला सांगितलं. तेही तसंच बिघडलं. बाजूच्या पडद्यावर एक रेघ पळत होती. पोटाचा पट्टा जसा हलेल तशी ती हलायची. मुजावर डॉक्टरांनी त्या रेघेवर बोट ठेवलं. बारीक बारीक लाटा होत्या.

“काका, तुम्ही मधेच श्वास घेताय.”

“न्हाई.”

“थोडासा घेताय, काका. इथं दिसतंय.”

“म्या घेतलाच न्हाई.”

“काही हरकत नाही,” बाई अगदी मायेनं म्हणाल्या. “अंगात रक्त कमी आहे, दम पुरत नसेल. त्यात तुमचा काही दोष नाही.”

झालं. त्या बिचाऱ्या पोरीला काय ठाऊक, की ह्या माणसाला शिवी दिलेली चालेल, पण दम पुरत नाही म्हटलेलं चालणार नाही. पालथ्या पडलेल्या माणसाची पाठसुद्धा रागावलेली दिसते, हे मी त्या दिवशी बघितलं.

“दम पुरत न्हाई?” आतून आवाज चढला. “बाई, ही मशीन खोटं बोलतीया! काढा मला भाईर. सोमवारी फाडू दे काय फाडायचं त्ये!”

“अवो, गप पडा!” मी खुर्चीतूनच ओरडले. त्यांना ऐकू गेलं नसणार, काच होती मधे.

मशीन चालवणारा माणूस घड्याळाकडं बघत म्हणाला, “मॅडम, इंजेक्शनचा असर उतरत जाईल. पाणीही खाली सरकेल. जे येतंय ते घेऊन टाकूया का?”

“असल्या फोटोत बारीक गाठ असली तरी दिसणार नाही,” मुजावर डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. आरवाडे डॉक्टरांपुढं त्यांनी शब्द टाकला होता, आणि माझा तर जीव टांगणीला लागला होता. तरी त्यांनी हार मानली नाही. माईकवर म्हणाल्या, “काका, रागावू नका. माझ्यासाठी एकदाच. अगदी शेवटचं.”

हे पुटपुटले, पण पडून राहिले. त्यांनी मान आमच्या बाजूला वळवली होती. “श्वास रोखा,” बाई म्हणाल्या, आणि मी काचेला नाक लावून त्यांच्या तोंडाकडं बघत उभी राहिले.

गाल भरले. ओठ मिटले. चेहरा एकदम शांत झाला. असा चेहरा मी उभ्या जन्मात हजारदा बघितलेला. आणि मग त्यांची नाकपुडी एवढीशी, अगदी एवढीशी हलली.

मला हसू फुटलं. आवरेचना. ती दोघं माझ्याकडं बघायला लागली. भीतीनं मला काही झालंय असंच वाटलं असणार त्यांना.

“डॉक्टर,” मी म्हणाले, “ह्ये खोटं बोलत न्हाईत. आन् तुमची मशीनबी खोटं बोलत न्हाई.”

“म्हणजे?”

“ह्ये सनई वाजवत्यात. गालात हवा भरून ठेवायची, ती फुंकत ऱ्हायची, आन् फुंकता फुंकताच नाकानं नवा वारा आत ओढायचा. म्हणून तर सूर तुटत न्हाई. पपईच्या देठाची नळी तांब्यात बुडवून, बुडबुडं थांबू न देता त्यांच्या बानं शिकवलंय पोरपणी. आता त्यांचं त्यास्नीच कळत न्हाई. तोंड मिटलं, गाल भरला, की नाक आपलं काम सुरू करतंय. त्यास्नी वाटतंय, श्वास थांबलाय.”

मुजावर डॉक्टर रेघेकडं बघत राहिल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं कौतुक पसरलं, की मला त्यांचा मुकाच घ्यावासा वाटला. “अहो मावशी, एवढं रक्त कमी असताना हे जमतंय त्यांना?” आणि लगेच कामाचं विचारलं, “पण मग मी थांबवू कसं? श्वास सोडूनही बघितलं.”

मलाही क्षणभर सुचेना. ज्याला आयुष्यभर न थांबायचंच शिकवलंय, तो थांबतो कुठं? मग आठवलं. थांबतो. रोज दुपारी थांबतो.

आमच्या देवळात दुपारी देवीपुढं नैवेद्याचं ताट ठेवून पडदा ओढतात. देवी जेवते तोवर देवळात चिडीचूप. जेवण झालं की पुजारी आतून एकदा घंटी वाजवतो, हात जोडून उभा राहतो आणि मग पडदा सारतो. पडदा सरकला त्या क्षणाला सनई वाजली पाहिजे. त्यामुळं घंटी झाली की सनई ओठाला लावायची, श्वास भरायचा आणि कोंडून धरायचा. पडद्याआधी सनई नुसती कुईं झाली, तरी देवीला भरल्या ताटावरून उठवल्यासारखं होतं. आणि सनईच्या तोंडाची पत्ती मोठी तिखट कानाची; नाकातून वारा आत गेला तरी ओठ थरथरतो आणि ती बोलते. तेवढा वेळ आमच्या ह्यांचं नाकसुद्धा देवीला भिऊन असतं.

हे मी भराभरा सांगितलं. मुजावर डॉक्टरांनी सगळं ऐकलं, खुर्ची सोडली आणि माईक माझ्यापुढं सरकवला.

“तुम्हीच सांगा, मावशी. मी बोट वर केलं की घंटी. खाली केलं की पडदा.”

“म्या?”

“माझा आवाज त्यांना डॉक्टरचा वाटेल. तुमचा नाही वाटणार.”

माझे हात ओले झाले होते. पदराला पुसले आणि बटण दाबलं.

“अवो, ऐकलं का?”

“तू हिकडं काय करतीयास?” आतून आवाज.

“नैवेद्य दाखवलाय. पडदा वढलाय. घंटीकडं ध्यान ठेवा.”

थट्टा वाटली असेल का? चिडले असतील का? मग त्यांनी मान सरळ केली, खांदे सैल सोडले. मला कळलं, ते देवळात पोचले.

बाईंचं बोट वर गेलं.

“घंटी झाली.”

मशीन ठोकायला लागलं. मी रेघेकडं बघत होते. ती एकदा वर चढली आणि मग सरळ झाली. ताणलेल्या दोरीसारखी सरळ. मशीनवरचा माणूस पुढं वाकला. ठोके चालूच, रेघ तशीच. एवढ्या रोडावलेल्या, पांढऱ्या पडलेल्या माणसाच्या पोटात ती ताकद कुठून आली देव जाणे. माझाच जीव घाबरा झाला. बोट खाली आलं तेव्हा मी जवळजवळ किंचाळलेच, “पडदा सरकला!”

हुश्श करून श्वास सुटल्याचा आवाज माईकमधून आमच्या खोलीत आला.

चित्र उमटलं. ह्या वेळी कुणी सांगायची गरज नव्हती. कडा स्वच्छ, आतड्याची वळणं न् वळणं वेगळी, पाण्यानं भरून टरारलेली.

“परत,” बाई म्हणाल्या. “अजून. आता हाताच्या शिरेतून औषध सोडते, मग अजून एकदा.” मी घंटी वाजवत होते, मी पडदा सारत होते. नगारखान्यात बाईमाणसाला चढू देत नाहीत. आणि इथं पुजारी मीच, आणि सनईवाला माझ्या शब्दावर. खोटं कशाला बोलू, अशा वेळीसुद्धा मला मोठी मौज वाटत होती.

ती मौज एकदम थांबली. मुजावर डॉक्टर एका चित्रावर थांबल्या. पुढं गेल्या, परत मागं आल्या. दुसऱ्या बाजूनं घेतलेलं चित्र काढून शेजारी लावलं. मग पेनाचं टोक पडद्यावर ठेवलं. आतड्याच्या भिंतीत एक गोल ठिपका होता, सुपारीएवढा, बाकी सगळ्यापेक्षा उजळ.

“मावशी, ही बघा. गाठ आहे. रक्त इथूनच जातंय, मला जवळजवळ खात्री आहे.”

‘गाठ’ म्हटल्यावर मी लगेच विचारलं, “कॅन्सर?”

त्यांनी खोटा धीर दिला नाही. “काढून तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. पण एकटीच आहे. लहान आहे. आजूबाजूला पसरलेली दिसत नाही. आणि कुठं आहे ते आता ठाऊक झालंय. सर थेट इथंच जातील.” त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांचाही हात ओलाच होता.

आरवाडे डॉक्टर स्वतः खाली आले. चित्राकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “मुजावर, मी पोट उघडून बसलो असतो हो.” बाईंचा चेहरा असा खुलला, की माझ्या लेकीचा दहावीचा निकाल आठवला मला.

सोमवारी ऑपरेशन झालं. चार भोकं आणि बोटभर चीर, बस. गाठ निघाली. तपासणीत कळलं, की वाईट वळणाला लागायच्या आधीच हाती लागली. दर वर्षी दाखवायला या, म्हणाले. रक्त जायचं थांबलं. ह्यांच्या गालावर हळूहळू रंग आला आणि त्याबरोबर कुरकुरही परत आली. फक्त सनईला हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. ती ताकीद पाळायच्या दिवसांत त्यांनी आख्ख्या घराला वैताग आणला.

मग एकदा दाखवायला गेलो तेव्हा आरवाडे डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि म्हणाले, “आता फुंका. घरी जरा जरा सुरुवात करा.”

“घरी कशाला?” हे म्हणाले, आणि पिशवीतून सनई काढली. मला पत्ता लागू न देता आणली होती!

ते डॉक्टरांपुढं थांबलेच नाहीत. थेट एमआरआयच्या खोलीशी. मी मागं धावत. बाकावर एक म्हातारा गोड पाण्याचा ग्लास घेऊन तोंड वाकडं करत बसलेला. मुजावर डॉक्टर बाहेर आल्या.

“बाई, तुमी म्हणाला हुता, दम पुरत नसंल.”

“काका, अजून विसरला नाहीत?”

“आता बगा.”

त्यांनी पत्ती ओली केली, डोळे मिटले आणि सूर लावला. आधी जरा कापला. टाके, पोट, सगळं माझ्या डोळ्यांपुढं आलं. मग तो सूर सावरला, भरला आणि त्या लांबलचक बोळातून पार दरवाज्यापर्यंत गेला. माणसं खोल्यांतून बाहेर यायला लागली. कुणी सलाईनची बाटली हातात धरून, कुणी व्हीलचेअर ढकलत. मुजावर डॉक्टर त्यांच्या पोटाकडं बघत होत्या, मग नाकाकडं, मग परत पोटाकडं. सूर चालूच होता. तुटला नाही. एकदाही नाही.

ह्यांनी सनई खाली घेतली. बाई डोळे पुसत म्हणाल्या, “काका, तुमचा सूर कुणाच्यानं तुटणार नाही.”

“असं कसं? एक माणूस हाय की तोडणारं.” हे सनई फडक्यानं पुसत होते. आमच्यात चारचौघांत बायकोचं नाव घेत नाहीत. सबंध संसारात ह्यांनी मला ‘अगं’, ‘ए’, ‘ऐकतीस का’ ह्यापलीकडं हाक मारली नव्हती. त्यांनी मान वर केली, माझ्याकडं बोट केलं आणि नगारखान्यातून सांगावं तसं मोठ्यानं सांगितलं, “ही माझी बायको. आक्काताई. हिनं थांब म्हटलं म्हणून म्या थांबलो, आन् म्हणून आज वाजीवतोय.”

सगळा बोळ माझ्याकडं बघायला लागला. एरवी मी पदर तोंडाला लावून मागं सरकले असते. त्या दिवशी मान ताठ ठेवली, आणि सगळ्यांना बघू दिलं.